केसपेपरची कुळकथा

दवाखान्याच्या खिडकीवर 'आधी केसपेपर काढा' असे ऐकले की तो कागद आपल्याला निव्वळ कारकुनी वाटतो. तंजावरच्या मराठी दरबाराचा वारसा पाहिला, तर तो शस्त्रक्रियेचाच एक भाग ठरतो. दुसरे सरफोजीराजे भोसले १७९८ साली गादीवर आले आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. उरलेले बळ त्यांनी विद्येकडे वळवले. त्यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक जाणणारे एकत्र काम करत. सरस्वती महाल ग्रंथालयात त्या काळच्या नेत्रशस्त्रक्रियांच्या इंग्रजी नोंदी आहेत. त्यांत एकेका रुग्णाची हकीगत आणि केलेला उपचार तपशिलाने लिहिलेला आहे, सोबत डोळ्यांची चित्रेही आहेत. २००३ साली त्या नव्याने चर्चेत आल्या.

यावर कोणी म्हणेल, रुग्णांच्या हकीगती लिहिण्याची रीत ग्रीक वैद्यांइतकी जुनी आहे आणि मोतीबिंदूवरची शस्त्रक्रिया सुश्रुतसंहितेतही आहे. मग तंजावरचे विशेष काय? शिवाय राजाने स्वतः शस्त्र धरले, ही समजूत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. दोन्ही आक्षेप रास्त आहेत. पण हात कोणाचा होता, यावर या कागदांचे मोल ठरत नाही. सुश्रुतसंहिता कृती सांगते. केसपेपर त्या कृतीचे एका ठरावीक माणसाच्या बाबतीत काय झाले ते सांगतो. त्यामुळे वैद्याचे कौशल्य दुसऱ्याला तपासता येते. ग्रंथसंग्रह करणाऱ्या दरबाराने रुग्णाची हकीगतही जपण्याजोगी मानली, हे मला मोठे वाटते.

या तपासणीची खरी निकड आजच्या मज्जातंतू-स्थानांतरात कळते. अपघातात मानेजवळच्या मज्जातंतूंची वरची मुळे उपटली गेली की कोपर वाकत नाही. फ्रेंच शल्यविशारद ओबर्लिन यांनी १९९४ साली मांडलेल्या पद्धतीत हाताकडे जाणाऱ्या अल्नर मज्जातंतूतला एक छोटा जुडगा काढून दंडाच्या बायसेप्स स्नायूच्या मज्जातंतूला जोडतात. तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणून फळ दिसायला महिने लागतात. सुरुवातीला मूठ आवळण्याचा प्रयत्न केला की कोपर वाकते. पुढे सरावाने मेंदू दोन्ही हालचाली वेगळ्या करायला शिकतो. धडधाकट तंतूतून उसने घेण्याचा हा व्यवहार आहे. कोपराला मिळाले किती आणि पंजाने गमावले किती, हे लिहिलेले नसेल तर त्याला न्याय्य म्हणता येणार नाही. स्नायूची ताकद शून्य ते पाच अशा श्रेणीत नोंदवतात, ती याचसाठी. तेव्हा अशा शस्त्रक्रियेला उभे राहताना आधीची श्रेणी लिहून मागा, नंतरचीही मागा, आणि ते कागद जपून ठेवा.