श्रावण ओलांडणारी कणगी

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर आषाढ-श्रावण काढणं सर्वांत अवघड. लावणी उरकलेली, मजुरी बंद, वाटा चिखलाच्या. कणगीत हात घातला तर तळ लागतो आणि हळवं भात हाती यायला अजून अवकाश. माझ्या आजीचा सगळा संसार या दोन महिन्यांकडे डोळे लावून चालायचा. दिवाळीला नागली झोडपली की पहिली तीच ठरवायची, पाणकळ्यासाठी किती बाजूला काढायची. त्या कणगीचं तोंड शेणामातीने लिंपलं की घरात पाहुणा आला तरी ते फुटायचं नाही. नागलीला कीड लागत नाही, वर्षानुवर्षं टिकते. म्हणून भात विकायचा झाला तरी नागली घरातच राहायची.

आजीचा जन्म मुकणे राजांच्या जव्हार संस्थानातला. संस्थान 1948 साली मुंबई राज्यात विलीन झालं, तेव्हा ती परकरी पोर होती. त्या काळच्या गोष्टी ती सांगायची, पण त्यांत राजवाडा कमी आणि चूल जास्त. बाजारातून यायचं ते मीठ, मिरची आणि मूठभर सुकट. तेल मोहट्यांचं, घरी गाळून आणलेलं. चटणी खुरासणीची. नातवंडं जेवायला बसली की तिचा एक नियम कधी मोडला नाही. भाकर कमी असली तर पेज वाढवायची, पण कालवणातले उडीद कमी करायचे नाहीत. “पोरांचं हाड उडदावर धरतं,” असं ती म्हणायची.

बाकीचं ताट रान भरायचं. पहिल्या पावसाच्या आगेमागे शेवळं यायची, मग लोत, कवळी, टाकळा, बांबूचे कोवळे कोंब, पुढे कुर्डू. शेतात पाणी साचलं की बांधाच्या बिळांतून चिंबोऱ्या. यातलं काहीच फुकट नव्हतं, प्रत्येकामागे हात राबायचे. शेवळं नीट साफ केली नाहीत तर घसा खाजून जीव नकोसा होतो. आजी वरची साल आणि आतला पिवळा भाग काढायची, दांडे बारीक चिरायची आणि काकडाची आंबट फळं ठेचून त्यांच्या रसात शिजवायची. कडूकंदाला तर दोन दिवस लागत. पातळ काचऱ्या करायच्या, राख लावून उकडायच्या, टोपलीत भरून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवायच्या. सकाळी एक काचरी आजी स्वतः चाखायची. जिभेला कडू लागली की टोपली परत ओढ्यात. तो कंद विषारी असतो, म्हणून तिच्याआधी कुणी तोंडाला लावायचं नाही. ही विद्या तिने आपल्या सासूकडून घेतली होती. हिला निव्वळ काटकसर म्हणणं मला कधीच पटलं नाही.

तरी कणगी संपायचीच. मग सावकाराची खावटी. पावसात मणभर धान्य उचललं की कापणीला दीड मण मोजायचं, कधी दुप्पट. 1972 च्या दुष्काळातली सुकडी आणि रेशनवरच्या लाल मिलोची भाकरीही तिच्या आठवणीत होती. थापताना तुटायची, म्हणायची.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने सव्वाशे बालकं दगावल्याची बातमी महाराष्ट्रभर गेली. तेव्हापासून इथल्या आईला पोरांना काय खाऊ घालावं ते कळत नाही, असं बोलण्याची शहाण्या लोकांना सवयच लागली. मला ते अन्यायाचं वाटतं. दिवाळीनंतर घरं बंद करून माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. तिथे ना रान, ना उडीद. तान्ह्या पोराला सावलीत झोपवून विटा थापणाऱ्या आईला कुठलं कौशल्य कामाला येणार?

रेशनने खावटीची भीती कमी केली, हे मोठंच काम झालं. अंत्योदय कार्डावर महिन्याला 35 किलो धान्य मिळतं. पण त्या धान्यात मुख्य तांदूळ, आणि तो आला तसा वरकस जमिनीवरची नागली मागे पडली. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात दहाच्याही आत. पोट भरतं, ताट मात्र आजीच्या ताटापेक्षा हलकं झालं. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण देणारी अमृत आहार योजना 2015 पासून आहे. चांगली आहे, तिला नावं ठेवणार नाही.

माझं मागणं साधं आहे. रेशनच्या पिशवीत आणि अंगणवाडीच्या पातेल्यात तांदळाबरोबर नागली आणि उडीद द्या. तो माल याच डोंगरातल्या शेतकऱ्यांकडून, कापणीच्या वेळी, रोख पैसे देऊन घ्या. आणि मोखाड्याच्या डोंगरातून येणारं वैतरणेचं पाणी रोज पिणाऱ्या मुंबईकरांनीही हे मागणं आमच्याबरोबर करावं.