शंकरपटाच्या बैलांमधील लंगडेपणा व पोटशूळ

शंकरपटाच्या बैलांमधील लंगडेपणा व पोटशूळ हे पूर्व विदर्भात, विशेषतः गोंदिया व भंडारा जिल्ह्यांत, शर्यतीसाठी राखलेल्या बैलांत आढळणारे दोन महत्त्वाचे विकारसमूह होत. लंगडेपणा काय किंवा पोटशूळ काय, हे स्वतंत्र रोग नसून अनेक रोगांची बाह्य लक्षणे आहेत. पहिल्यात बैल पायावर पूर्ण भार देत नाही. दुसऱ्यात तो पोटाकडे वळून पाहतो, पोटावर लाथा मारतो, सारखा उठतो-बसतो. एक विकार पायाचा आणि दुसरा पोटाचा असे वरकरणी वाटत असले, तरी पटाच्या बैलांत या दोहोंचे मूळ पुष्कळदा एकाच ठिकाणी, म्हणजे गव्हाणीत असते.

पार्श्वभूमी

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. भात, म्हणजे येथील बोलीत धान, हे जिल्ह्याचे मुख्य पीक. खरिपाचे धान निघाले की हिवाळ्यात गावोगावी शंकरपट भरतात. हलक्या छकड्याला जुंपलेली बैलजोडी सरळ धावपट्टीवर सोडतात व लागलेला वेळ सेकंदांच्या अंशापर्यंत मोजतात. जोडी हाकणाऱ्यास धुरकरी म्हणतात. दिवसा पट आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक, असा या दिवसांचा क्रम असतो. भंडारा जिल्ह्यातील लाखनी आणि अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील पट विशेष प्रसिद्ध आहेत.

वर्धा-नागपूर भागातील गवळाऊ ही चपळ चालीची जात धावेसाठी नावाजलेली आहे. गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूरच्या धानपट्ट्यात कटाणी ही लहान चणीची, चिखलात काम करणारी जात आढळते. तिची राष्ट्रीय पातळीवर जात म्हणून नोंद अलीकडची आहे.

पटाच्या बैलाचे जीवन शेतातल्या बैलाहून वेगळे असते. तो वर्षातील बराच काळ दावणीला उभा असतो, त्याला पीठ, डाळ, ढेप असा खुराक अधिक मिळतो आणि मग अल्पकाळात त्याच्याकडून पराकोटीचा वेग अपेक्षिला जातो. शर्यतीच्या घोड्याचीही स्थिती अशीच असल्यामुळे अश्वचिकित्सेतील काही ज्ञान येथे उपयोगी पडते. परंतु घोड्याचे जठर एककप्पी, तर बैलाचे चार कप्प्यांचे असते. घोड्यात पोटशूळ म्हटला की आतड्याचा पीळ किंवा अडथळा प्रथम मनात येतो. बैलात मात्र प्रथम लघवीची चौकशी करावी लागते. याचे कारण पुढे दिले आहे.

लंगडेपणाची ओळख

तपासणी बैलाला हात लावण्यापूर्वीच सुरू होते. त्याला कठीण, सपाट जमिनीवर सावकाश चालवून बाजूने व मागून पाहतात. पुढचा पाय दुखत असल्यास तो जमिनीवर टेकताना बैल मान वर उचलतो आणि निकोप पाय टेकताना मान खाली येते. मागचा पाय दुखत असल्यास त्या बाजूचे ढुंगण अधिक वर उचलले जाते. पाय ठरला, तरी दुखण्याची जागा ठरत नाही. मालक बहुधा खांद्याकडे किंवा फऱ्याकडे बोट दाखवतो. पशुवैद्यक खुरापासून आरंभ करतो, कारण गुरांतील बहुतेक लंगडण्याचे मूळ खुरात असते.

खूर धुऊन, तळ थोडा तासून, दोन नख्यांच्या मधली फट बोटांनी तपासली जाते. शेतात आखलेल्या धावपट्टीवर धानाची धसकटे राहिलेली असतात. त्यांचे टोक, बाभळीचा काटा किंवा खडा फटीत रुतून बसतो. जखम जुनी झाली की खूरसड होते व दुर्गंधी येते. रुतलेली वस्तू काढणे, सडलेला भाग साफ करणे, मोरचुदाच्या पाण्याने धुणे आणि आवश्यकतेनुसार प्रतिजैविक, एवढ्याने यांपैकी बरीच प्रकरणे निभावतात. खुराला बसवलेली नाल एका बाजूला सरकली असेल किंवा तिचा खिळा आतल्या मऊ भागाला लागला असेल, तरी बैल लंगडतो. नालबंद नुकताच येऊन गेला असेल, तर ही शक्यता आधी पाहावी.

मागच्या पायाचा एक विकार भारतीय कामकरी बैलांत वारंवार दिसतो. मांडी व नळी यांच्या सांध्यावरील वाटी वर सरकून अडकते, पाय मागे ताठ राहतो, खुराचे टोक जमिनीवर घासते आणि मग झटक्याने पाय पुढे येतो. विसाव्यानंतरच्या पहिल्या काही पावलांत हे ठळक दिसते व चालता चालता कमी होते. त्यामुळे ‘अंग मोकळे झाले की बरा होतो’ असा समज होऊन वेळ जातो. स्थानिक भूल देऊन वाटीच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध छेदणे ही यावरची प्रस्थापित शस्त्रक्रिया आहे. ती थोड्या वेळात होते व गुण बहुधा तात्काळ दिसतो. असे असताना या विकारासाठी सांध्यावर तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची प्रथा अजून पुरती गेलेली नाही. डागण्याने अडकलेली वाटी सुटत नाही. कातडी मात्र जळते आणि जखमेत किडे पडण्याचा धोका वाढतो.

काही लंगडणी संसर्गजन्य असतात. लाळ्या-खुरकुतात तोंडात व खुरांच्या फटीत फोड येतात. तिवा या विषाणुजन्य तापात लंगडणे एका पायातून दुसऱ्या पायात गेल्यासारखे भासते व साधारण तीन दिवसांत ओसरते. फऱ्या या रोगास एकटांग्या असेही नाव आहे आणि ते अन्वर्थक आहे: धडधाकट तरुण जनावर एकाएकी एका पायाने लंगडते, मांसल भागावर सूज येते व ती दाबल्यास चरचर आवाज होतो. त्वरित उपचार न झाल्यास एक-दोन दिवसांत मृत्यू ओढवतो. सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या गोऱ्ह्यांना त्याचा धोका अधिक असल्याने पावसाळ्यापूर्वी लस टोचतात. ताप असलेल्या लंगड्या जनावराला चोळणे, शेकणे, चालवणे हे सारे वर्ज्य समजावे. निकोप बैलाचे तापमान साधारणतः १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते.

धानपट्ट्यात आणखी एका कारणाचे भान ठेवावे लागते. अवकाळी पावसात भिजलेल्या तणसीवर (धानाच्या पेंढ्यावर) बुरशी चढते. अशी तणस खाल्ल्याने हिवाळ्यात कानांची टोके, शेपटीचा शेंडा व खुरांजवळचा भाग यांचा रक्तपुरवठा खुंटून ते काळे पडतात, वाळतात व प्रसंगी गळून पडतात. यास देगनाला रोग म्हणतात. तो म्हशींत अधिक, पण गाई-बैलांतही आढळतो. येथे पहिला उपचार म्हणजे ती तणस बंद करणे. ते न केल्यास औषधांचा उपयोग होत नाही.

खुराक आणि खूर

पट जवळ आला की बैलाचा खुराक एकदम वाढवला जातो. गव्हाचे पीठ, तांदूळ, शिजवलेले धान्य अधिक प्रमाणात एकाच वेळी पोटात गेले, की त्यांतील पिष्टाचे मोठ्या पोटात झपाट्याने आंबवण होऊन आम्ल साचते. रवंथ थांबते, पातळ व आंबूस वासाची हगवण लागते, डोळे खोल जातात, बैल सुस्त होतो. पोळ्याच्या दिवशी प्रेमाने भरवलेल्या पुरणपोळ्या व खिचडीनंतर पशुवैद्यकांकडे येणारी जनावरे याच विकाराची असतात. सौम्य अवस्थेत पशुवैद्यकाच्या सल्ल्याने खाण्याचा सोडा, निकोप जनावराच्या पोटातील रस व शिरेतून द्रव देऊन काम भागते. तीव्र अवस्थेत पोट उघडून आतील धान्य काढावे लागते.

पोट सावरले म्हणून प्रकरण संपत नाही. आम्लाने पोटाचे अस्तर दुखावते, तेथून विषारी द्रव्ये रक्तात उतरतात आणि खुराच्या भिंतीला आतील हाडाशी जोडणाऱ्या नाजूक पापुद्र्यांना सूज येते. मग बैल चारही पायांनी अवघडून चालतो, पाठ कमानीसारखी करतो, पुढचे पाय एकमेकांपुढे आणून किंवा पुढे टाकून उभा राहतो, उभे राहण्यापेक्षा बसणे पसंत करतो. खुराला हात लावल्यास तो गरम लागतो. ही लक्षणे खाण्यानंतर एक-दोन दिवसांनी, कधी त्याहून उशिरा दिसतात. मधल्या काळात पोट बरे झालेले असते, त्यामुळे मालक दोन्ही गोष्टींचा संबंध जोडत नाही आणि दोष धावपट्टीला दिला जातो. घोड्यातही अतिरिक्त दाण्याने हाच खूरदाह होतो. अशा बैलाला मऊ अंथरुण, पूर्ण विश्रांती, दाणा बंद व वेदनाशामक औषध लागते. त्यास त्या हंगामात पळवणे म्हणजे खुरातील हाड जागेवरून सरकण्यास आमंत्रण देणे होय. पुढे खुरावर आडव्या वळ्या उमटतात. बैल खरेदी करणाऱ्याने त्या पाहून घ्याव्यात.

खुराक वाढवायचाच असेल, तर तो दहा-पंधरा दिवसांत थोडा थोडा वाढवावा, दिवसातून अनेकदा विभागून द्यावा आणि चारा आधी, दाणा नंतर असा क्रम ठेवावा.

पोटशूळ

मूत्रावरोध

पोटाकडे पाहणाऱ्या, शेपूट हलवणाऱ्या, कुंथणाऱ्या बैलाला बद्धकोष्ठ झाला असे समजून जुलाब पाजणे ही सर्वांत घातक चूक होय. खच्ची केलेल्या नरात मूत्रमार्ग अरुंद असतो आणि त्याला इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे वळण असते. मूतखडा बहुधा याच वळणात अडकतो. लहान वयात खच्चीकरण झालेल्या बैलाचा मूत्रमार्ग अधिकच अरुंद राहतो. धानपट्ट्यातील आहार या विकाराला पोषक आहे: तांदळाच्या कोंड्यात फॉस्फरस भरपूर व कॅल्शियम अत्यल्प, तणशीत सिलिका अधिक, आणि थंडीत बैल पाणी कमी पितो. पटाचा हंगाम नेमका थंडीचाच असतो.

प्रारंभी बैल वारंवार लघवीचा पवित्रा घेतो, थेंब थेंब लघवी होते किंवा मुळीच होत नाही. लिंगाच्या टोकावरील केस कोरडे राहतात, कधी त्यांवर खरखरीत कण आढळतात. एक-दोन दिवसांनंतर मूत्राशय किंवा मूत्रमार्ग फुटतो. त्या क्षणी वेदना एकाएकी थांबते. बैल शांत होतो, क्वचित पाणीही पितो, आणि घरचे लोक तो सावरला असे मानतात. प्रत्यक्षात मूत्र पोटात अथवा कातडीखाली पसरू लागलेले असते, पोटाचा खालचा भाग दोन्ही बाजूंनी फुगत जातो व मूत्रविषाने काही दिवसांत बैल दगावतो. यास्तव वेदना आपोआप थांबणे हे या रोगात शुभचिन्ह मानू नये.

उपचार शस्त्रक्रियेचा आहे. मूत्रमार्ग उघडून खडा काढतात किंवा मूत्राशयात नळी बसवून मूत्राला तात्पुरती वाट करून देतात. अडथळा कायम असताना लघवी वाढवणारे औषध दिल्यास मूत्राशय फुटण्याची भीती वाढते. प्रतिबंधासाठी कोंडा मर्यादित ठेवणे, आहारात खनिज मिश्रण व मीठ घालणे आणि थंडीत कोमट पाणी वारंवार पुढे करणे उपयुक्त ठरते.

पोटफुगी व इतर कारणे

कोवळा हिरवा चारा, विशेषतः द्विदल चारा अधिक खाल्ल्यास डावी भकाळी फुगून वर येते. बोटाने ठोकल्यास नगाऱ्यासारखा आवाज होतो. श्वास अडू लागल्यास पशुवैद्यक डाव्या भकाळीत पोकळ सुई किंवा नळी घालून वायू काढतात. गोडेतेल पाजण्याने फेसाळ फुगी कमी होते, परंतु पाजण्याची रीत महत्त्वाची आहे. जीभ ओढून, मान उंच ताणून पाजलेले द्रव श्वासनळीत जाते आणि पोटफुगीतून वाचलेला बैल न्यूमोनियाने मरतो. आतड्यात आतडे शिरणे, आतड्याला पीळ पडणे हे प्रकार बैलात घोड्यापेक्षा कमी आढळतात. शेण बंद होऊन केवळ रक्तमिश्रित आव पडू लागल्यास त्यांची शंका घ्यावी.

वेदनाशामके

वेदनाशामक सुईने लंगडणे काही तास झाकता येते. इजा मात्र वाढत राहते. चिरलेला अस्थिबंध किंवा तडा गेलेले हाड धावेत पूर्ण तुटते, आणि छकडा वेगात असल्यामुळे धुरकऱ्याचाही जीव धोक्यात येतो. दुखऱ्या बैलाला सुई टोचून पटावर उतरवणे हा उपचार नव्हे.

औषधाच्या निवडीला आणखी एक बाजू आहे. डायक्लोफिनॅक दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. भारतातील गिधाडांच्या प्रचंड ऱ्हासाचे हे प्रमुख कारण ठरले. जनावरांसाठी त्याचा वापर २००६ पासून बंद करण्यात आला. २०२३ मध्ये किटोप्रोफेन व अॅसिक्लोफिनॅक यांवरही तशीच बंदी आली. गिधाडांना सुरक्षित असलेले मेलॉक्सिकॅम हे सध्या रूढ आहे.

कायदेशीर स्थिती व उपचाराच्या सोयी

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली. तिच्या आधारे १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने शर्यतींना सशर्त अनुमती दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. आयोजकांना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. काठी, चाबूक, टोचणी व विजेचा धक्का यांना मनाई आहे. उल्लंघनासाठी ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. धावेपूर्वी बैल तंदुरुस्त असल्याचे नोंदणीकृत पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र आवश्यक असते. प्रमाणपत्रासाठीची तपासणी बैल उभा ठेवून उरकल्यास तिच्यातून सौम्य लंगडेपणा सुटतो. चालवून पाहिल्याविना ती पुरी होत नाही.

प्राथमिक उपचार तालुक्याच्या व गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत मिळतात. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर संपर्क साधता येतो. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी गोंदियाकरांना नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते. १९५८ मध्ये स्थापन झालेले हे महाविद्यालय आता महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा घटक आहे. मूत्रावरोधाच्या बैलाला तेथे न्यायचे असल्यास निघण्यापूर्वी शेवटची लघवी केव्हा झाली याची नोंद सोबत घ्यावी. शल्यचिकित्सकाचा पहिला प्रश्न तोच असतो.