बॉम्बास्टिक ही प्रशंसा नव्हे!

छत्रपती संभाजीनगरच्या महाविद्यालयांत वक्तृत्व स्पर्धांचा हंगाम आला की कौतुकाच्या शब्दांनाही भरती येते. भाषणावर खूश झालेला एखादा श्रोता सहज म्हणून जातो, 'काय बॉम्बास्टिक भाषण झाले!' दणदणीत, सभा गाजवणारे, असा अर्थ त्याच्या मनात असतो. इंग्रजीत मात्र ही दाद नसून टीका आहे. आशय तोकडा आणि शब्दांचा डामडौल मोठा, अशा बोलण्याला बॉम्बास्ट म्हणतात. पाहुण्यांचे आभार मानताना किंवा नोकरीच्या मुलाखतीत ही चूक झाली, तर गौरवाचा अपमान होतो.

या शब्दाचा बॉम्बशी काही संबंध नाही. त्याचे मूळ कापसात आहे. ग्रीक भाषेत रेशमाला 'बॉम्बिक्स' म्हणत. पुढे लॅटिनमध्ये त्याचे 'बॉम्बॅक्स' झाले आणि अर्थ कापसाकडे वळला. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये अंगरख्यांना फुगवटा आणण्यासाठी आत कापूस वगैरे भरत. त्या भरावाचे नाव बॉम्बास्ट. अंगापेक्षा अंगरखा मोठा दिसू लागला, तसा हा शब्द आशयापेक्षा मोठ्या भाषेला लागू झाला. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकात इयागो आपल्या सेनापतीच्या बोलण्याची टिंगल करताना हाच शब्द वापरतो. 'फस्टियन' या जाड्याभरड्या सुती कापडाच्या नावालाही इंग्रजीत पोकळ, भपकेबाज भाषा असा अर्थ चिकटला आहे. रेशीम आणि सूत एकत्र विणून हिमरू तयार करणाऱ्या या शहराला, कापसाच्या मराठवाड्याला, ही व्युत्पत्ती लक्षात ठेवणे अवघड जाऊ नये.

भाषणाविषयीचे असेच काही नेहमीचे शब्द त्यांच्या छटांसह पाहू.

दोष दाखवणारे शब्द
पॉम्पस : स्वतःचे महत्त्व मिरवणारा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मिरवणूक.
ग्रँडिलोक्वंट : भारदस्त शब्दांचा सोस असलेला. बहुधा उपरोधाने वापरतात.
टर्जिड : बोजड, फुगीर. मूळ लॅटिन अर्थ सुजलेला.
व्हर्बोज : शब्दबंबाळ, पाल्हाळिक.
हरँग : श्रोत्यांवर लादलेले लांबलचक, आक्रमक भाषण.
टिरेड : संतापाची सरबत्ती.
डेमॅगॉग : लोकांच्या भावना भडकवून पाठिंबा मिळवणारा नेता.

गौरवाचे शब्द
ऑरेटर : प्रभावी वक्ता.
एलोक्वंट : ओघवते आणि परिणामकारक बोलणारा.
आर्टिक्युलेट : विचार नेमके व स्पष्ट मांडणारा.

दुधारी शब्द
रेटरिक : वक्तृत्वशास्त्राचे जुने, प्रतिष्ठित नाव. पण एखाद्याचे बोलणे 'नुसते रेटरिक' आहे असे म्हटले, की ती टीका होते.

ग्रँडिलोक्वंट आणि एलोक्वंट या दोन्ही शब्दांत 'बोलणे' या अर्थाचा एकच लॅटिन धातू आहे. तरीही एक टोचतो आणि दुसरा सुखावतो. येथील मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेले प्राचार्य शिवाजीराव भोसले (१९२७-२०१०) यांची व्याख्याने ऐकायला महाराष्ट्रभर गर्दी होई. त्यांची भाषा अलंकृत होती, पण तिच्या मागे तत्त्वज्ञानाचा व्यासंग उभा होता. अशा वक्त्यासाठी एलोक्वंट हाच शब्द योग्य. तेथे बॉम्बास्टिक म्हणणे अन्यायाचे ठरेल.

म्हणजे भाषा अलंकारिक असणे हा दोष नव्हे. अलंकार काढून घेतल्यावर हाती काय उरते, हा खरा प्रश्न. विचार उरला तर ते भाषण एलोक्वंट आणि नुसता कापूस उरला तर बॉम्बास्टिक. दाद देण्यापूर्वी एवढी पारख केली, तर शब्द चुकणार नाही.