जिल्ह्याचं नाव होतं वणी

मी वणीची म्हटलं, की नाशिककडची माणसं हात जोडतात. त्यांची वणी सप्तशृंगीच्या पायथ्याशी आहे. माझी वणी यवतमाळ जिल्ह्यात, निर्गुडेच्या काठी. "मग कोळशाची वणी," ते म्हणतात. माझ्या आजोबांना ही ओळख अपुरी वाटे. स्वतः राजूरच्या खदानीत उतरलेला माणूस, तरी म्हणायचे, "कोळसा मागून आला बावा. आधी अख्खा जिल्हा वणीच्या नावानं होता. कचेरी यवतमाळले, नाव आपलं!"

ते खरंच होतं. इंग्रजांच्या दप्तरात हा 'वून' जिल्हा. 1905 साली हद्दी बदलल्या आणि जिल्ह्याला यवतमाळचं नाव मिळालं. लोकनायक बापूजी अणे 1880 मध्ये वणीत जन्मले, तेव्हा ते वणी जिल्ह्यातच जन्मले.

कोळशाची चाहूल वर्धा नदीपलीकडून आली. वरोऱ्याची खाण 1871 च्या सुमारास सुरू झाली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आली, आणि 1906 मध्ये ती खाण बंदही पडली. पुढे नदीच्या अलीकडे राजूरला कोळसा निघू लागला. शेजारी चुन्याच्या भट्ट्या. खाणीची वस्ती एवढी रुजली, की गावाला आजही 'राजूर कॉलरी' म्हणतात.

खाणीच्या चाळींतल्या तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी बोलींची आजोबांना सवय झाली होती. पाळीचा भोंगा झाला की आजी चुलीवर आधण ठेवायची. तो अवेळी वाजला तर बायका दारात येऊन उभ्या राहायच्या. ठेकेदाराच्या काळातली मजुरी आणि 1973 च्या राष्ट्रीयीकरणानंतरचा पगार यांतला फरक आजोबा एका वाक्यात सांगत: "आधी दिवस मोजायचो, मग महिना मोजू लागलो."

1975 मध्ये वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड आली. पुढे उघड्या खाणी वाढल्या. कपाशीच्या काळ्या रानात मातीचे डोंगर उभे राहिले, खाणीसाठी शेतं गेली, घरं गेली. गाव उठलं, की पांदणींची, विहिरींची, शिवारांची नावंही उठतात. ती कुठल्याच मोबदल्यात धरली जात नाहीत.

ठेकेदाराचे दिवस पाहिलेले खाणकामगार आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. तुमच्या घरात, शेजारात असा कुणी असेल, तर या उन्हाळ्यात त्याच्याजवळ वही घेऊन बसा. आपल्या गावाचा इतिहास सांगणारं दुसरं दप्तर आपल्याकडे नाही.