न हरलेले यजमान

नव्या मुंबईंत नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर २० जानेवारी २०२२ रोजीं आशियाई महिला चषकाच्या फुटबॉल स्पर्धेंत भारत व इराण समोरासमोर आले. इराणचा संघ या स्पर्धेंत प्रथमच उतरला होता. भारत १९८३ चा उपविजेता खरा. परंतु २००३ नंतर त्याला येथें पाऊल टाकतां आलें नव्हतें. त्या दिवशीं गोल कोणाचाच झाला नाहीं.

तीन दिवसांनीं चिनी तैपेईशीं, म्हणजे तैवानच्या संघाशीं, गांठ होती. पण करोनाची सांथ भारतीय चमूंत शिरली. नियम असा कीं, निदान १३ खेळाडू उभ्या करतां आल्या पाहिजेत. तितक्या उरल्या नाहींत. सामना झालाच नाहीं. भारतानें स्पर्धा सोडली असें मानलें गेलें, आणि इराणशीं साधलेली बरोबरीही रद्दबातल ठरली. एकही गोल न खातां यजमान आपल्याच अंगणांतून बाहेर! सांथीच्या काळीं नियम कडक हवा हें मान्य. तथापि सामना पुढें ढकलण्याइतकी सवड त्यांत असती तर बरें झालें असतें. कारण हीच स्पर्धा २०२३ च्या विश्वचषकाची पात्रतापरीक्षा होती. तें दारही त्यासवें मिटलें.

त्या गटांत मग तीनच संघ उरले. त्यांतला चीन ६ फेब्रुवारीस याच मैदानावर अंतिम सामना खेळला. मध्यंतरास दक्षिण कोरिया दोन गोलांनीं पुढें होता. चीननें उत्तरार्धांत दोन्ही फेडले, आणि भरपाईच्या मिनिटांत तिसरा गोल करून नवव्यांदा चषक नेला.