माळवदाचं घर: कशावर उभं, कशानं पडलं

आज आपण राजाराणीच्या महालाचा नाही, दगडमातीच्या घराचा इतिहास बघू. जाड भिंत, वर सपाट माळवद, आत शिरताच ढाळज, मधे चौक. उमरीच्या आसपास आणि तिकडं लातूरपर्यंत जुन्या गावठाणात अशी घरं अजून आहेत. काही पाडली जातात, काहींत अजून माणसं राहतात. माझं बोलणं जास्त करून त्या राहणाऱ्यांसाठी आहे.

ही घडण किती जुनी? तेराव्या शतकाच्या अखेरीस चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ तयार झाला. त्यात ‘पटिसाळ’ हा शब्द सारखा येतो. पटिसाळ म्हणजे आपली ओसरीच. बसणं-उठणं, आल्यागेल्याशी बोलणं तिथंच. आज उभी असलेली भिंत तेव्हाची नसेल, पण घराचा आराखडा मात्र तितका जुना आहे. आणि दगड? पडक्या वाड्याचा दगड नव्या भिंतीत जातो, ती पडली की पुढच्या भिंतीत. एखाद्या गोठ्याच्या भिंतीत घडीव, नक्षीचा दगड दिसतो ना, तो असाच फिरत आलेला.

जुन्या कागदांत गावाचे दोन भाग येतात. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. तंट्याच्या निवाड्याला साक्ष म्हणून ‘समस्त पांढरी’ असं लिहीत, म्हणजे अख्खा गाव. पिढ्यान् पिढ्या चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती एका जागी साठून जमीन पांढुरकी होते. हीच माती माळवदाला लागते. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते, म्हणून ती वर चालत नाही. पांढरी घट्ट बसते, पाणी सहसा मुरू देत नाही. म्हणून तर गावोगावच्या देशमुख-पाटलांच्या गढ्या लोकांनी टोपलं टोपलं खणून नेल्या. धाराशिवकडच्या तेरला अशाच पांढरीच्या टेकाडांत दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तू निघाल्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या जपून ठेवल्या, त्यांचंच आज तिथं संग्रहालय आहे. म्हणजे बघा, आपल्या डोक्यावरच्या छतात जुन्या वस्तीची चूलराख आहे.

माळवदाच्या खाली लाकूड असतं. खांबावर तुळई, तुळईवर आडवी लाकडं, त्यावर काड्या-पाला, मग माती. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात. घर केवढं ते खणांवर मोजायचं. उजेडाला आणि धुराला छतात सवणं, भिंतीत देवळी, धान्याला बळद. गढी कुणाची ते कागदात आहे. माती मळणारी, सारवणारी, पावसाआधी माळवदावरचं गवत उपटणारी बाई कोणत्याच कागदात नाही.

आता किल्लारी. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमाराला. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं झोपली होती. हजारो माणसं त्या घरांखाली गेली. तेव्हापासून ‘दगडमातीचं घर म्हणजे मरण’ असं बसलं मनात. ज्यांनी ते पाहिलं त्यांना आपण काय सांगणार? पण नंतर अभियंत्यांनी पडलेली घरं तपासली, ते ऐकण्यासारखं आहे. भिंत दोन-अडीच फूट जाड होती, पण एकसंध नव्हती. आतून एक थर, बाहेरून एक थर, मधे खडी-माती. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. धक्का बसला तसे थर सुटले. वर दरसाल माती टाकून टाकून माळवद जड झालेलं. जिथं ओझं भिंतीवर होतं तिथं छत खाली आलं. जिथं खांब-तुळईचा सांगाडा नीट होता, तिथं बऱ्याच ठिकाणी भिंती ढासळल्या तरी छत उभं राहिलं. भिंतीनं तिथंही माणसं दगावली, हे मात्र विसरू नये.

पुढं कमी नुकसानीच्या गावांत घरं मजबूत करायची योजना आली. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेच्या मदतीनं महिला मंडळांतल्या बायका घरोघरी गेल्या. आरपार दगड कुठं बसवायचा, खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरपा आधार कसा द्यायचा, हे त्यांनी शिकून दुसऱ्यांना सांगितलं. ज्या घराची माती शतकानुशतकं बायांनी मळली, त्याच्या बांधकामावर त्यांना पहिल्यांदा कुणी विचारलं असेल. मला तर ही गोष्ट गढीच्या बुरुजापेक्षा मोठी वाटते.

तुमचं घर माळवदाचं असेल तर उन्हाळ्यातच बघून घ्या. भिंतीला पोट आलंय का? कोपऱ्यात उभी चीर आहे का? खांबाचा बुडखा वाळवीनं पोखरलाय का, तुळई खांबावर टेकलीय की नुसत्या भिंतीवर? यातलं काही दिसलं तर त्या भिंतीलगत अंथरूण घालू नका आणि जाणत्या गवंड्याला किंवा पंचायतीच्या अभियंत्याला दाखवा. आणि माळवदावर नवी माती टाकायच्या आधी जुनी खरवडून खाली उतरवा.