मळवलीचे दगड आणि घनवादी तसबिरी

मुळशी तालुक्यात हिंजवडी, माण, भूगाव, पिरंगुट या पट्ट्यात अलीकडे उठलेल्या सदनिकांत सोफ्यामागच्या भिंतीवर घनवादी (क्युबिस्ट) धाटणीची, भडक रंगांची छापील चित्रे दिसू लागली आहेत. त्यांच्यावर ठरलेला आक्षेप असा, की ही उसनी सजावट आहे. आपल्या घरांतल्या तसबिरी देवादिकांच्या असत, त्यांना काही अर्थ असे. याच परिसरातला छापील चित्राचा इतिहास पाहिला, तर हा आक्षेप फार टिकत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळा काढली, तेव्हा तिने रामपंचायतन छापले तसे नाना फडणवीसही छापले. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत सुरू केलेला छापखाना शतकाअखेर मुळशीला लागूनच असलेल्या मावळात, कार्ल्याजवळ मळवलीला आला. त्याची यंत्रे जर्मन, तंत्रज्ञ जर्मन, आणि पुढे मालकही फ्रिट्झ श्लायशर नावाचा जर्मनच. ज्या लक्ष्मी-सरस्वतीला आपण अस्सल घरच्या मानतो, त्या या छापखान्यातल्या शिळाछापाच्या दगडांवरून उतरल्या. शिवाय त्या छापखान्याचे पहिले चित्र शकुंतलाजन्माचे होते. त्याची पूजा कोण करणार? ते भिंत सजवायलाच घेतले जात असणार.

या तसबिरी आणि घनवादी चित्रे यांतला खरा फरक छपाईच्या वृत्तीत आहे. शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. एकावर एक ठसे बसून चित्र पुरे होई. ओलिओग्राफचे, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या या छापचित्राचे, सारे कसब हे वेगवेगळे ठसे लपवण्यात होते. वरून चकाकी चढवायची आणि तैलचित्राचा आभास आणायचा. घनवादाने नेमके उलट केले. १९१२ साली पिकासोने वेताच्या खुर्चीची जाळी छापलेले मेणकापड चित्रात चिकटवले. त्याच वर्षी ब्राकने लाकडाच्या रेषा छापलेला भिंतकागद कापून लावला. म्हणजे घरगुती छापील माल आधीच या चित्रांच्या पोटात शिरला होता. अशा चित्राची छापील प्रत दिवाणखान्यात लागली, तर त्यात चित्राचा अपमान कसला? मात्र हे सगळ्याच घनवादाला लागू नाही. १९१०-११ची तपकिरी-करडी चित्रे कुंचल्याच्या बारीक फटकाऱ्यांवर जगतात. छापात ती मळकट दिसतात. हुआन ग्रिसच्या सपाट, कडा स्पष्ट असलेल्या रंगपट्ट्या मात्र बऱ्याच शाबूत राहतात. बाजार ‘रंगीत घनवाद’ तेवढाच उचलतो, यात अडाणीपणा आहेच, पण छपाईपुरती ती निवड चुकत नाही.

याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे. जुन्या तसबिरीशी घराचा रोजचा व्यवहार असे. तिला हार पडे, बायका तिच्यावर जर आणि टिकल्या शिवत. नवे चित्र सोफ्याच्या रंगाशी जुळवून आणले जाते आणि आठवड्यात दिसेनासे होते. हे खरे आहे. पण याचे कारण घनवाद नाही, गिऱ्हाइकाची घाई आहे. गादीचा रंग पाहून रामपंचायतन घेतले असते, तर त्याचीही तीच गत झाली असती.

सवयीचा एक अवशेष तेवढा अडचण करतो. जुनी तसबीर दाराच्या वर, पुढे झुकवून टांगत, कारण खाली बसलेल्याने मान वर करून पाहायचे असे. सदनिकेतही कित्येकजण खिळा तितकाच उंच ठोकतात. पण घनवादी चित्रात डोळ्याला एकेक पृष्ठभाग जुळवत फिरावे लागते; उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर असल्याखेरीज ते जमत नाही. उंचीइतकीच भिंतही पाहून निवडावी. दिवसभर उन्हात राहणारी भिंत रंगाला वाईटच. ताम्हिणी घाटाच्या बाजूचा पाऊस ध्यानात घेता बाहेरची, ओल धरणारी भिंतही टाळलेली बरी. आतल्या भिंतीवर, मागे थोडी हवा खेळेल अशी चौकट लावली तर कागदाला बुरशी चढण्याचे भय कमी.